अलास्काची क्रूझ: बंदरातले तास कसे वापरायचे

प्रश्न थोडक्यात असा. गुहागरचं पाच जणांचं कुटुंब: नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले आई-वडील. आईंचे गुडघे दुखतात आणि त्या शाकाहारी आहेत, बाकी सगळे मासे खाणारे. आंब्याचा हंगाम उरकून जूनच्या पहिल्या आठवड्यात सिएटलहून सात रात्रींची अलास्का क्रूझ करायची आहे. रविवारी दुपारी ४ ला सिएटल सोडायचं, सोमवार समुद्रात, मंगळवारी ज्युनो (दुपारी १ ते रात्री १०), बुधवारी स्कॅगवे (सकाळी ७ ते संध्याकाळी ६), गुरुवारी ग्लेशियर बे, शुक्रवारी केचिकन (सकाळी ७ ते दुपारी १), शनिवारी व्हिक्टोरिया (रात्री ८ ते १२) आणि रविवारी सकाळी परत सिएटल. विचारलंय असं की प्रत्येक बंदरात काय काय बघावं, सहली जहाजाकडून घ्याव्यात की परस्पर ठरवाव्यात, आणि थंडीची तयारी कशी करावी.

आधी व्हिसा, कारण तो अडला तर बाकीचं सगळं कागदावरच राहतं. अमेरिकेचा व्हिसा लागणार हे सगळ्यांना माहीत असतं. कॅनडाचा मात्र बरेच जण विसरतात, कारण व्हिक्टोरियात जहाज जेमतेम चार तास थांबतं. ते तिथे थांबतं तेही हौसेनं नव्हे. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून माणसं घेऊन, मध्ये एकाही परदेशी बंदराला न लागता, परत अमेरिकेत सोडता येत नाही. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक सगळी परदेशी झेंड्याची. भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो, आणि तो नसेल तर 'आम्ही व्हिक्टोरियात उतरणारच नाही' असं सांगून भागत नाही. सिएटलच्या धक्क्यावरच जहाजात चढू देत नाहीत. दोन्ही व्हिसा 'मल्टिपल एंट्री'चे असलेले बरे. मुंबईत अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायला महिनोन्महिने लागतात, तेव्हा क्रूझचा शेवटचा हप्ता भरायच्या आत दोन्ही शिक्के हातात असतील असा हिशोब धरा. हा हप्ता साधारण निघण्याच्या तीन-चार महिने आधी भरायचा असतो आणि त्यानंतर रद्द केलं तर पैसे कापले जातात.

जूनमध्ये निघताय म्हणजे इकडे पाऊस कधीही सुरू होईल. परशुराम घाटात दरड आली किंवा गाड्या उशिरा धावायला लागल्या की चिपळूणहून मुंबई गाठायचा नेहमीचा अंदाज चुकतो. विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. सिएटललाही जहाजाच्या आदल्या दिवशी, शक्य असेल तर दोन दिवस आधी. मुंबई आणि सिएटलमध्ये त्या दिवसांत साडेबारा तासांचा फरक असतो. दिवसाची रात्र होते. हापूसची पेटी नेऊ नका, ताजी फळं विमानतळावर काढून घेतात. लाडू, चिवडा, खाकरा चालतात, पण विचारल्यावर सोबत खाण्याच्या वस्तू आहेत हे सांगायचं. लपवलं तर दंड होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. बंदरात काय बघायचं हे ठरवण्याआधी तिथे खरा वेळ किती आहे ते काढा. छापील कार्यक्रमात 'सकाळी ७ ते दुपारी १' असतं ते जहाजाचं वेळापत्रक, तुमचं नव्हे. सातला जहाज धक्क्याला लागलं तरी दोर बांधणं, गँगवे (जहाजातून धक्क्यावर उतरायचा पूल) लावणं, उतरायची परवानगी मिळणं यात वीस-तीस मिनिटं जातात, आणि मग दोन-तीन हजार माणसं एकाच दारातून निघतात. दुसऱ्या टोकाला, सगळ्यांनी परत जहाजावर असण्याची वेळ सुटण्याच्या वेळेआधी अर्धा तास असते, काही जहाजांवर त्याहूनही आधी. त्याच्याही आधी तुमचा स्वतःचा एक तास हाताशी ठेवायचा. म्हणजे केचिकनचे सहा तास खरे चार होतात आणि ज्युनोचे नऊ साधारण सात. चार तासांत दोन सहली बसवणारे लोक नंतर फक्त बसच्या खिडकीतून दिसलेलं सांगतात. एका बंदरात एकच मोठी गोष्ट ठरवा आणि उरलेला वेळ धक्क्याजवळ पायी.

घड्याळाचा घोळ वेगळाच. अलास्काची वेळ सिएटलहून एक तास मागे आहे. समुद्रातल्या दिवशी जहाज घड्याळं मागे करतं आणि व्हिक्टोरियाच्या आधी परत पुढे. फोन मात्र जो टॉवर सापडेल त्याच्यावर वेळ लावतो. म्हणून एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा आणि दिवसभर तेच माना. शिवाय त्या दिवसांत ज्युनोत सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो. उजेडावरून वेळ ओळखायची सवय असलेल्या माणसाला नऊ वाजलेत हे पटतच नाही. फोन समुद्रात 'एअरप्लेन मोड'वर ठेवा, नाहीतर तो जहाजाच्या सॅटेलाइट टॉवरला जोडला जातो आणि बिल घरी आल्यावर कळतं.

जहाजाची सहल की परस्पर? जहाजाकडून घेतलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. परस्पर ठरवलेल्या गाडीसाठी थांबत नाही. या खात्रीचे पैसे तुम्ही जास्त दरात भरता आणि वर चाळीस-पन्नास माणसांचा घोळका मिळतो. तेव्हा नियम सोपा ठेवा. जिथून पायी, टॅक्सीनं किंवा पुढच्या बसनं परतता येतं आणि हाताशी दोन तास उरतात, तिथे परस्पर. जिथे एकच लांबचा रस्ता आहे आणि तो बंद पडला तर दुसरी वाट नाही, तिथे जहाजाकडून. परस्पर ठरवताना दोन गोष्टी लेखी बघा: जहाज त्या बंदराला आलंच नाही तर पूर्ण परतावा आहे का, आणि हवामानामुळे सहल रद्द झाली तर काय. वाऱ्यामुळे किंवा धुक्यामुळे बंदर गाळलं जाणं अलास्कात नवल नाही. जहाजाच्या सहलीचे पैसे अशा वेळी आपोआप तुमच्या खात्यात परत जमा होतात.

जहाज चुकलंच तर काय होतं हेही समजून घ्या. ज्युनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेर जाणारा एकही रस्ता नाही. डोंगर, हिमनदी आणि समुद्र यांच्यामध्ये अडकलेलं गाव. पुढचं बंदर गाठायला विमान किंवा फेरी, तीही स्वतःच्या खर्चानं. म्हणून उतरताना प्रत्येकाकडे पासपोर्ट (जहाजानं ठेवून घेतला नसेल तर) पाणी न लागणाऱ्या पिशवीत, दोन दिवसांची औषधं, एक कार्ड, आणि जहाजाच्या रोजच्या पत्रकावर छापलेला बंदरातल्या एजंटचा फोन नंबर. तो नंबर असलेला भाग फाडून खिशात टाकायचा, फोटोवर विसंबायचं नाही.

मंगळवार, ज्युनो. इथे देवमासे आणि मेंडेनहॉल हिमनदी या दोन्ही गोष्टी एकाच सहलीत जमतात, त्यामुळे 'एकच मोठी गोष्ट' हा नियम मोडत नाही. हिशोब असा: १ ला जहाज लागलं, दीडपर्यंत तुम्ही खाली. २ ला बस, ऑक बेच्या धक्क्यापर्यंत अर्धा तास. बोटीवर सव्वादोन ते अडीच तास, म्हणजे पावणेपाच-पाच. तिथून परतीच्या वाटेवर हिमनदीकडे उतरवतात, सहाच्या आत पोचता. तिथे तास-सव्वा तास, आणि आठच्या आसपास परत धक्क्यावर. सुटायला दोन तास शिल्लक. इतका वेळ असल्यामुळे ही सहल परस्पर, छोट्या बोटीवाल्याकडून घ्यायला हरकत नाही. वीस-पंचवीस माणसांच्या बोटीत सगळ्यांना कठड्याशी जागा मिळते. दीडशेच्या बोटीत दोन रांगांच्या मागून बघावं लागतं. बुकिंग करताना विचारा: आत गरम केलेली केबिन आहे का, शौचालय आहे का, आणि आईंसाठी बोटीत चढायला किती पायऱ्या आहेत.

उन्हाळ्यात दिसतात ते हंपबॅक देवमासे. यातले बरेच हिवाळा हवाईच्या समुद्रात काढून इथे खायला येतात. कायद्यानं बोटीला त्यांच्यापासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९० मीटर, लांब राहावं लागतं, त्यामुळे ८ किंवा १० पटीची दुर्बीण न्याच. फोनचा कॅमेरा या अंतरावर निराश करतो. आधी पाण्यावर उडालेला फवारा शोधायचा, मग पाठीची कमान. कमान उंच झाली आणि शेपटी वर आली की तो खोल गेला, पाच-सात मिनिटं तरी वर येत नाही. तेवढ्यात आत जाऊन हात शेकून घ्यावेत.

मेंडेनहॉलला जाणाऱ्या गाड्यांचे परवाने मोजके असतात, त्यामुळे धक्क्यावर उतरून तिकीट काढू म्हणाल तर कधी कधी मिळत नाही, आधी घ्या. शहराची सार्वजनिक बस स्वस्त आहे, पण ती हिमनदीच्या केंद्रापासून जवळजवळ अडीच किलोमीटर अलीकडे सोडते. आईंना ते जमणार नाही. केंद्राजवळ फोटो पॉइंटपर्यंतची वाट पक्की, सपाट आणि अर्ध्या किलोमीटरची आहे, व्हीलचेअरही जाते. मुलीला घेऊन बाकीच्यांनी नगेट धबधब्यापर्यंत जावं, जाऊन-येऊन सुमारे तीन किलोमीटर, चढ नाही. शेवटी धबधब्याचे तुषार अंगावर येतात तेव्हा रेनकोट घालूनच जा. त्या भागात काळी अस्वलं फिरतात, त्यामुळे वाटेवर खाऊ उघडायचा नाही, डबा गाडीतच ठेवायचा. ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांसाठी एक जादा सूचना: हिमनदीनं अडवलेलं वरचं पाणी २०११ पासून बहुतेक दर उन्हाळ्यात एकदम सुटतं आणि खालच्या नदीला पूर येतो, त्या दिवसांत रस्ते बंद असू शकतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात ही काळजी सहसा नाही.

धक्क्यापासूनच डोंगरावर जाणारा रोपवे संध्याकाळी मोकळा असतो. साडेपाचशे मीटर वर जातो. तिकीट काढण्याआधी मान वर करून बघा: वरचं स्टेशन ढगात असेल तर पैसे देऊन धुकंच बघाल. २०२४ पासून ज्युनोत दिवसाला मोठी पाचच जहाजं येऊ देतात. पाच जहाजांचा दिवस आणि दोन जहाजांचा दिवस यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बंदरांची वेळापत्रकं आधीच जाहीर होतात, ती बघूनच निघण्याची तारीख निवडता आली तर उत्तम.

बुधवार, स्कॅगवे. हजारभर वस्तीचं गाव. १८९७-९८ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे माणसं लोटली, त्यातली बरीच इथून डोंगर चढली. कॅनडाचे पोलीस वर्षभराचा शिधा-सामान सोबत असल्याशिवाय पुढे सोडत नसत. माणशी जवळजवळ एक टन सामान पाठीवरून, फेऱ्या मारून वर न्यावं लागे. त्या वाटेवर १८९८ ते १९०० या काळात व्हाइट पास रेल्वे बांधली. तीन फुटी रुळांची गाडी, वीस मैलांत समुद्रसपाटीपासून २,८६५ फूट चढते. जाऊन-येऊन अडीच ते तीन तास. तुमच्या कुटुंबासाठी या बंदरातली हीच मोठी गोष्ट: चालणं नाही, डबे गरम असतात, पाऊस असला तरी दिसतं.

शिखरापर्यंत जाऊन परत येणारी गाडीच घ्या. तीत कॅनडाच्या हद्दीजवळ गाडी थांबते, कुणी उतरत नाही, तपासणीही नाही. फ्रेझर किंवा कारक्रॉसपर्यंत जाणारी गाडी किंवा बस मात्र खरोखर कॅनडात शिरते. पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही सोबत हवेत. ज्यांना युकॉनच्या बाजूची तळी बघायचीच आहेत त्यांनी ती सहल जहाजाकडूनच घ्यावी, कारण रस्ता एकच आणि सीमेवरची रांग तुमच्या हातात नाही.

गाडीत चढताना जाताना डाव्या हाताची बाकं धरा, दरी त्या बाजूला. उजवीकडे बसलात तरी फार बिघडत नाही: शिखरावर इंजिन दुसऱ्या टोकाला जोडतात, बाकांच्या पाठी उलटवतात आणि समोरासमोरच्या प्रवाशांना जागा बदलायला सांगतात, म्हणजे प्रत्येकाला एकदा दरी मिळते. खरी जागा दोन डब्यांमधला उघडा सज्जा. पूल आणि वळणं तिथूनच दिसतात, फोटोत काचेचं प्रतिबिंब येत नाही. मात्र तिथे वारा बोचतो, टोपी कानाखाली बांधलेली हवी आणि मुलीचा हात धरलेला हवा. आईंसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर-लिफ्ट असलेला डबा मागा. साध्या डब्याच्या पायऱ्या उंच आहेत. सकाळची गाडी घेतली तर साडेअकरापर्यंत मोकळे होता. दुपारी ब्रॉडवेवरचे लाकडी फुटपाथ, जुन्या रेल्वे स्टेशनातलं राष्ट्रीय उद्यानाचं केंद्र (फुकट आणि चांगलं), मग जहाज.

स्कॅगवेत एक अडचण येऊ शकते. रेल्वेच्या धक्क्यावरच्या डोंगरातून दरडी कोसळायच्या, त्यामुळे २०२२ मध्ये तिथली एक जागा बंद ठेवावी लागली आणि काही जहाजं बाहेर नांगरून प्रवाशांना छोट्या बोटींनी आणावं लागलं. हरणै, जयगडला जुन्या आगबोटी बंदराबाहेर उभ्या राहायच्या आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची, तोच प्रकार. इथे फक्त बोट बंदिस्त असते आणि खलाशी दोन्ही हात धरून उतरवतात. अशी पाळी आली तर आधी जहाजाच्या सहलीवाल्यांना सोडतात, बाकीच्यांना नंबराची चिठ्ठी मिळते आणि तासभर जाऊ शकतो. शेवटची बोट जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते. परस्पर काढलेलं पहिल्या गाडीचं तिकीट अशा दिवशी वाया जातं, म्हणून सव्वाआठच्या आसपासची गाडी न घेता त्यापुढची घ्या.

भरती-ओहोटीचा विचार कोकणी माणसाला सांगायला नको, पण आकडे वेगळे आहेत. आपल्याकडे रत्नागिरी-मालवणला उधाणातही पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं. केचिकन, ज्युनो, स्कॅगवेला रोजचाच सरासरी फरक साडेचार ते पाच मीटर, उधाणाला सहाच्या पुढे. धक्का तरंगता नसेल तर सकाळी सपाट असलेला गँगवे दुपारी उभा चढ होतो, कधी सकाळी चौथ्या मजल्यावरून उतरलेली माणसं संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरून चढतात. ज्युनोत तरंगते धक्के आहेत, तिथे त्रास कमी. आईंच्या गुडघ्यांसाठी प्रत्येक बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळा आधी काढून ठेवा आणि उतरण्याची, चढण्याची वेळ मध्यम पाण्याला जुळवायचा प्रयत्न करा. व्हीलचेअर लागणार असेल तर जहाजाला आधी कळवा. फार तिरका गँगवे असेल तर ते व्हीलचेअर नेऊ देत नाहीत.

गुरुवारी ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानातल्या खाडीत उतरणं नाही, तरी सगळ्या आठवड्यात तयारी लागते ती इथे. दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना परवानगी असते. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीनं येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीच्या मोहिमेनं पाहिलं तेव्हा ही खाडी म्हणजे बर्फाच्या भिंतीतला एक खळगा होता. तेव्हापासून बर्फ सुमारे ६५ मैल मागे हटलाय. जहाज मार्जरी हिमनदीसमोर जवळजवळ तासभर थांबतं आणि जागच्या जागी फिरतं, त्यामुळे केबिन डावीकडची की उजवीकडची यावर वाद घालू नका. जॉन्स हॉपकिन्सच्या खाडीत सीलची पिल्लं असल्यामुळे ऑगस्टअखेरपर्यंत क्रूझ जहाजांना बंदी असते. त्या फोटोंची अपेक्षा जूनमध्ये ठेवू नका.

बर्फाचा कडा कोसळताना बघायचा असेल तर आवाजावर मान वळवू नका. अंतर मोठं असतं, आवाज पोचेपर्यंत एक-दोन सेकंद जातात आणि तुकडा पाण्यात गेलेला असतो. पाण्यालगतचा एक निळसर, भेगाळलेला पट्टा निवडायचा, आधी छोटे खडे जिथून सुटताना दिसतात तो. त्याच्यावरच नजर ठेवायची. कधी दहा मिनिटांत पडतो, कधी तासात काहीच नाही. थंड हवा हिमनदीवरून खाली वाहत येते, त्यामुळे पाळीपाळीनं आत जा.

शुक्रवार, केचिकन. इथे पाऊस गृहीत धरा. वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरच्या पुढे, म्हणजे आकडा रत्नागिरीच्या तोडीचा. पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, त्यांचा बारा महिने रिपरिपतो. धो-धो क्वचित, बारीक भुरभूर तासन्‌तास. सहल पावसानं रद्द होत नाही, ढग खाली आल्यानं होते. मिस्टी फ्योर्ड्स या कडे-खाड्यांच्या प्रदेशावर नेणारी, पाण्यावर उतरणारी विमानं सकाळच्या धुक्यात बऱ्याचदा खोळंबतात. सहा तासांच्या बंदरात तुम्ही ती घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं, इंटरनेटवर ओढ्यात दाटीवाटीनं चढणाऱ्या सॅमनचे आणि ते पकडणाऱ्या अस्वलांचे फोटो दिसतात ते जुलैअखेर ते सप्टेंबरचे. जूनच्या सुरुवातीला ओढा जवळजवळ रिकामा असतो. तरीही 'अस्वल दर्शन' सहली विकल्या जातात. त्यावर पैसे घालू नका. तुमचा वेळ टोटेम खांबांवर घाला. सॅक्समन हे केचिकनच्या दक्षिणेला पाच किलोमीटरच्या आत, तर टोटेम बाइट उद्यान उत्तरेला पंधरा-सोळा किलोमीटर. चार तासांत सॅक्समन पुरे. देवदाराच्या एकसंध ओंडक्यातून कोरलेले हे खांब लिंगिट, हैडा या लोकांच्या घराण्यांच्या कथा सांगतात. मार्गदर्शक सोबत घेतला तरच कावळा कुठला आणि गरुड कुठला ते उलगडतं. परत येऊन क्रीक स्ट्रीटच्या खांबांवरच्या लाकडी घरांतून चक्कर. फळ्या ओल्या असतात, रबरी पकडीचे बूट हवेत. मुलीसाठी धक्क्याजवळचा लाकूडतोड्यांच्या कसरतींचा खेळ आहे, प्रेक्षकांवर छप्पर असतं.

जहाज नेमकं कुठे लागणार ते मात्र आधी तपासा. काही कंपन्यांची जहाजं गावातल्या धक्क्यांवर लागतात, काहींची उत्तरेला अकरा किलोमीटरवर वॉर्ड कोव्हला. तिथून बस फुकट असते, पण रांग आणि प्रवास धरून दोन्ही वेळचा मिळून तास जातो. मग चार तासांचे तीन उरतात.

सगळ्या बंदरांत धक्क्याला लागून हिऱ्या-दागिन्यांची दुकानं दिसतील आणि जहाजावर त्यांचे नकाशेही वाटतील. ती जाहिरात असते. स्थानिक वस्तू हवी असेल तर अलास्काच्या मूळ रहिवाशांच्या कामावर चंदेरी हाताचा शिक्का असतो, तो बघून घ्या.

थंडीबद्दल. तुमच्या दिवसांत दुपारी १२ ते १७ अंश, रात्री सातच्या आसपास, हिमनदीसमोर त्याहून कमी. हे आकडे घाबरवणारे नाहीत. गारठवतो तो वारा आणि ओल. जहाज १८-२० नॉट वेगानं चाललं की वारा नसतानाही डेकवर ताशी पस्तीस किलोमीटरचा वारा असतो. एकच जाड कोट न घेता तीन थर घ्या: अंगालगत लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल, वर फ्लीस, सगळ्यात बाहेर टोपीवालं जलरोधक जॅकेट आणि पावसाळी पँट. सुती बनियन आणि जीन्स नको. सूत पाणी धरून ठेवतं, वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. गावातला जाड प्लॅस्टिकचा रेनकोट उभं राहायला ठीक, पण चाललात की आतून घामानं भिजतो. छत्री वाऱ्यात उलटते. आईंनी जहाजावर साडी खुशाल नेसावी, पण गँगवे, बोट आणि रेल्वेच्या पायऱ्यांसाठी सलवार किंवा पँट सुरक्षित. हातमोजे माणशी दोन जोड, कारण एक ओला होतोच. कॅमेऱ्याची बॅटरी थंडीत लवकर उतरते, जादाची आतल्या खिशात ठेवा.

सिएटलहून निघणारी जहाजं बऱ्याचदा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या बाजूनं, उघड्या पॅसिफिकातून जातात, त्यामुळे पहिली रात्र आणि सोमवार हेलकाव्यांचे. पुढे खाड्यांमध्ये पाणी शांत. अव्होमिनसारखी गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर आधी घ्यावी; झोप येते, आणि आई-वडिलांच्या इतर औषधांशी ती जमते का हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. केबिन निवडताना मधली आणि खालच्या मजल्यावरची घेतलीत तर हेलकावे कमी.

जेवणाचं: बुकिंगच्या वेळी 'भारतीय शाकाहारी' असं लेखी कळवा आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला भेटा. तो दुसऱ्या दिवशीचा पदार्थ आदल्या रात्री विचारून घेतो, तेव्हा आमटी-भात, पोळी सांगता येते. बंदरात आईंसाठी पिझ्झा किंवा थाई हॉटेल बघा. फ्रेंच फ्राइज मागवताना विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी ते मासे तळलेल्याच तेलात तळतात. जहाजावरची फळं-सँडविच किनाऱ्यावर न्यायची नाहीत, बंद पाकिटातला खाकरा चालतो. मासे खाणाऱ्यांनी हॅलिबट खाऊन बघावा: पांढरा, जाड, काट्यांचा त्रास नाही. बांगडा-सुरमईच्या जिभेला अळणी लागेल, लिंबू आणि तिखट सॉस मागून घ्या. सॅमनला तशी गरज पडत नाही.

शनिवारी व्हिक्टोरियाला रात्री आठला पोचता आणि त्याच रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, साधारण दहा-अकराच्या आत. म्हणून बॅगा दुपारीच भरा. दुसऱ्या दिवशीचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट बाहेर काढून. बुचार्ट बाग बंदरापासून वीस-पंचवीस किलोमीटर आहे, जाण्या-येण्यात रात्र संपते आणि अंधारात फुलं दिसत नाहीत. त्यापेक्षा शटलनं किंवा अर्ध्या तासाच्या चालीनं इनर हार्बरला जा. सव्वानऊनंतर अंधार पडला की विधानभवनाची रोषणाई लागते. आई-वडिलांनी जहाजावरच थांबलं तरी काही बिघडत नाही. रविवारी सिएटलला उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा आणि विमानतळापर्यंतची वाट धरून परतीचं विमान दुपारी १ च्या आधीचं घेऊ नका.